दहा नंबरच्या सुया

वर्धा,
कार्तिकी पौर्णिमा

चि. सौ. धाकटीस,


तुझं पत्र मिळालं. ‘आधीचं संपव, मग नवीन घाल’ हे वाचताना थेट आईचा आवाज ऐकू आला. ताटातल्या जेवणाला तो नियम ठीक आहे गं, पण विणकामाला लावला तर मी सुया ठेवून देईन. माझी सध्या तीन कामं चालू आहेत आणि तिन्हींची वेळ वेगळी आहे, म्हणूनच तिन्ही पुढे सरकतात.

ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर दुपारचा. पाठ झाली, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आलाय. आता मुंढे आणि व्ही गळा एकदमच घटवत न्यायचे, म्हणजे टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. कॅनडातल्या भाच्याचा वेण्यांचा स्वेटर सकाळचा, चांगल्या उजेडातला. दर आठव्या सुईला तीन टाके जादा सुईवर काढून पुढे धरायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग हे. एक वेणी उलटी फिरली की वीतभर वर गेल्यावर दिसते. आणि तिसरे चौकोन, उरल्यासुरल्या लोकरीचे, नुसते सुलट. ते पिशवीतच असतात: नागपूरच्या एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, भजनी मंडळात. नंबर पुकारला की अर्ध्या सुईवर थांबवले तरी बिघडत नाही. रांगेत बसून वेण्यांचा हिशेब कोण ठेवणार? आणि दुपारची निवांत वेळ चौकोनांवर का घालवायची?

खरी अडचण सुयांची आहे. दहा नंबरची धड जोडी एकच, आणि दोन्ही स्वेटरांना तीच लागते. बॉर्डरी बारा नंबरवर उरकल्या, पण अंगाला काय करणार? म्हणून ज्याची पाळी नसेल त्याचे टाके दाभणाने गुळगुळीत सुती दोऱ्यावर ओवून ठेवते, टोकांना गाठ मारते. लोकरीच्या दोऱ्यावर ओवू नकोस, तंतू एकमेकांत धरतात आणि परत घेताना टाके ओढले जातात. भाच्याच्या बाह्या मात्र दोन्ही एकाच सुईवर घातल्यात, दोन गोळे घेऊन. लांबी सारखी येते आणि दुसरी बाही ‘बघू पुढे’ म्हणून वर्षभर पडून राहत नाही.

आता पुढचं. बाळाच्या कपड्यांची यादी तू पाठवलीस ती सगळी लोकरीची. बाळ येणार वैशाखात! तुमचं नाशिक त्यातल्या त्यात बरं. आमच्याकडे तेव्हा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि कुलरसमोरही घाम सुटतो. इथली थंडी तरी केवढी? दिवाळीनंतर येते, संक्रांत झाली की निघते. हिंगणघाटला कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्याच जिल्ह्यात बसून आपण लुधियानाच्या ॲक्रिलिकचे गोळे मागवतो. मला हे आता पटेनासं झालंय. यंदा बाळासाठी सुती, तेही हातकताईचं.

तू म्हणशील, खादीचं सूत मागावर चढवायचं, सुयांवर नाही. मग ऐक. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा गांधीजींनी माऊंटबॅटन यांच्या हाती एक वस्त्र पाठवलं होतं. सूत त्यांनी स्वतः कातलेलं, दुहेरी केलेलं. विणलं एका पंजाबी मुलीने, आणि तिला शिकवलं कनू गांधींनी. म्हणजे बापूंचे सेवाग्राममधले फोटो काढणारे तेच. आपण त्यांना कॅमेऱ्यापुरतं ओळखतो, विणकामाचे मास्तर म्हणून नाही! नवरीच्या आजीला, क्वीन मेरीला, तो बापूंचा पंचाच वाटला आणि ती चांगलीच खवळली म्हणे. मला त्यातलं ‘दुहेरी’ महत्त्वाचं वाटतं. एकपदरी सूत सुयांवर टिकत नाही, पीळ उकलतो आणि वीण तिरकी जाते.

आपल्याला दुहेरीही पुरायचं नाही, फार बारीक. शेजारच्या काकू अजून पेटीचरख्यावर कातताहेत, दर वर्षी १२ फेब्रुवारीला पवनारला बापूंच्या स्मरणातल्या सूत्रांजलीची गुंडी देतात. त्यांच्याकडून हिशेब समजून घेतला. गुंडी म्हणजे ६४० तार, तार चार फुटांचा, म्हणजे साधारण ७८० मीटर सूत. वीस अंकाचं असेल तर वजन जेमतेम २३ ग्रॅम. त्याचे आठ पदर एकत्र पिळले की सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मीटर जाड सूत हातात येतं. तेवढ्यात एक जाळीचं टोपडं बसतं. एक गुंडी, एक टोपडं. झबल्याला चार-पाच तरी लागतील.

सुताला लोकरीसारखी ओढ नसते, हे धरून चालायला हवं. दोन सुलट दोन उलटची बॉर्डर घातलीस तर दोन धुण्यांत सैल पडते. म्हणून काठ साधे सुलटाचेच ठेवणार, टाके नेहमीपेक्षा कमी, सुया एक नंबर बारीक. गुंड्या आधीच गरम पाण्यातून काढून वाळवायच्या, म्हणजे आटायचं ते आधी आटेल. रंग पांढराच. मगन संग्रहालयात झाडपाल्याच्या रंगातली खादी बघितली की मन चळतं, पण तान्ह्या बाळाच्या तोंडात टोपड्याची नाडी जाणारच, तेव्हा राहू दे. झबलं पावसाळ्यानंतर घालीन, तोवर अंगाचं माप तरी कळेल. मोजे विणणारच नाही. पोरं ते पायात ठेवतात कुठे?

भाच्याचं पार्सल डिसेंबरच्या आत गेलं पाहिजे, म्हणून सकाळ-दुपार दोन्ही आता त्यालाच. ह्यांना सांगितलंय, यंदा जुनाच स्वेटर घाला. फुरंगटून बसलेत, पण इथल्या थंडीत तेवढं चालतं.

तू लोकर घेऊन ठेवली असशील तर परत करू नकोस, चौकोनांना लागेल. आणि तुझ्याकडे आईच्या सुयांचा डबा आहे ना? त्यात दहा नंबरची जोडी असेल तर पहिल्या येणाऱ्या माणसाबरोबर धाड.

तुझी,
ताई

ता. क. डब्यात अकरा नंबर मिळाल्या तर त्याही दे, टोपड्याला त्याच लागणार.