गाडीच्या टपावरचा पंखा

यवतमाळहून सेवाग्राम किंवा नागपूरला जाणारा रस्ता आमच्या जिल्ह्यातील गोरगरिबांच्या पायाखालचा आहे. यवतमाळला १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकाही येते. पण ती तातडीच्या रुग्णांसाठी. ठरल्या तारखेला तपासणीला जाणाऱ्याने काय करावे? म्हणून आमच्या वस्तीतील मंडळाने वर्गणी करून एक जुनी रुग्णवाहिका घेतली. हिशेब माझ्याकडे आला, कारण मी पडले कारकून, शिवाय बी.कॉम.!

मागील मे महिन्यात या गाडीच्या टपावरचा, हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला. विदर्भातला मे वाचकांना समजावून सांगायला नको. पारा ४४-४५ वर, पत्र्याचा डबा, आत दम्याच्या आजी आणि नागपूरपर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर. देवळीच्या अलीकडे गाडी कडुनिंबाखाली लावून मागचे दार उघडावे लागले. आजी एवढेच म्हणाल्या, "पोरी, घरी मरू दे वं, पन या डब्ब्यात नको."

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मोटर जळली असन. नवीन पंखाच टाका लागते." दुकानदाराने सांगितलेला आकडा दोन महिन्यांच्या डिझेलएवढा! व्हाउचर करण्याआधी मोटर खरेच जळली काय, हे पाहायचे मी ठरवले. वस्तीत गाड्यांचे वायरिंग करणारा एक मुलगा आहे. दहावी नापास, पण आमच्या ऑफिसातील कित्येक साहेबांपेक्षा त्याचे डोके साफ.

त्याने आधी पाना घेतलाच नाही. बटण दाबून नुसता कान दिला. पंखा घुंऽऽ करून अडला तर पाते किंवा बेअरिंग अडकलेले, रेंगाळत फिरला तर वीज कमी पोचते, अगदीच चूप असला तर वीज येत तरी नाही किंवा परत तरी जात नाही. आमचा पंखा चूप होता. पाते बोटाने सहज फिरले. फ्यूज शाबूत. मग बॅटरीवरून दोन तारा थेट मोटरला लावल्या, आणि काय सांगू, पंखा भिरभिर फिरू लागला! म्हणजे मोटर जिवंत होती.

मग टेस्ट लॅम्प आला. त्याचा चिमटा दाराच्या बिजागरीला आणि टोक पंख्याच्या गरम तारेला लावले, दिवा पेटला. चिमटा पंख्याच्याच अर्थिंगच्या स्क्रूला लावला, दिवा विझला. गाडीत वीज एका तारेने येते आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत जाते. ती परतीची वाटच गंजली होती. टपाच्या झाकणातून पावसाचे पाणी झिरपून त्या स्क्रूखाली गंजाची खपली धरली होती. पॉलिश पेपरने घासून, नवे टोक लावून, वर ग्रीस फासले.

पंखा फिरला, तरी माझे समाधान होईना. आतला उकाडा हलेना. त्याने उदबत्ती लावून वर धरली, तर धूर वर ओढला जाण्याऐवजी खाली येत होता. पूर्वी कुणीतरी तारा उलट जोडल्या होत्या. अशा मोटरच्या तारा उलटल्या की मोटर उलटी फिरते. तारा बदलल्या, धूर सरळ टपाबाहेर गेला. उष्ण हवा वर जमते, ती तिथूनच काढायची आणि पुढची काच चार बोटे खाली ठेवायची. नाहीतर पंखा ओढणार कुठून? क्षयाचा रुग्ण मागे असला तर हवा ड्रायव्हरकडून मागे जाऊन बाहेर पडते, हा फायदा वेगळाच.

आता हिशेब. पंखा ३६ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ताशी ३ अँपिअर-तास. दवाखान्याच्या आवारात गाडी बंद करून चार तास पंखा चालवला तर १२ अँपिअर-तास गेले, आणि जुन्या बॅटरीने सायंकाळी स्टार्ट दिला नाही तर रुग्णाला धक्का मारायला लावायचे काय? म्हणून गाडी बंद असताना पंखा एका तासापेक्षा जास्त चालवायचा नाही, असे मी लॉगबुकात लिहून ठेवले. ड्रायव्हरची कुरकुर चालू आहे.

त्या मुलाने पैसे घेतले नाहीत. तरी मी त्याची मजुरी व्हाउचरवर चढवली आणि त्याच्या आईच्या हाती दिली. टपाच्या झाकणाला नवे रबर पावसाआधी बसवायचे आहे. आजींची पुढची तारीख मात्र सोमवारचीच आहे.