पालथा घडा

मी जे बोललो त्यात चूक काही नव्हतं. चार दिवस घोळवून पाहिलं. माणसाला दिलेली मोकळीक, आदामाचं पतन, क्रुसावर देव स्वतःच दुःखात उतरला ती गोष्ट. संडे स्कूलपासून अंगात मुरलेली उत्तरं मी एकापुढे एक नीट मांडली. मध्येच जावयांनी कर्माचा मुद्दा काढला, तो खोडला. त्यांचा एक मित्र म्हणाला, देवबिव काही नाही, पेशींची गडबड असते. त्यालाही उत्तर होतं. पुतणीनं सगळं ऐकून घेतलं, "बरं काका" म्हणाली, माझ्यापुढचं ताट उचललं आणि आत गेली.

परतताना मी बायकोला म्हणालो, "पालथ्या घड्यावर पाणी."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तेव्हापासून ही म्हण माझ्या मागे लागली आहे.

म्हण वापरणारा एक गोष्ट गृहीत धरून चालतो: पाणी ओतणारा आपण, घडा समोरचा. पण घडा पालथा घालतं कोण आणि का? माझी आजी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी रोज संध्याकाळी हंडे-कळशा राखेनं घासायची. तांब्याला चिंच. घासून झालं की दगडावर पालथं घालायची. घासताना तोंडात टिळकांचं एखादं भजन असे, रेव्हरंड टिळकांचं. लोकमान्य आमच्याकडे नंतर आले. थोड्या वेळानं कळशी उचलली की दगडावर ओलं वर्तुळ उमटलेलं दिसे. आत हात फिरवून ती ओल बघायची आणि पुन्हा पालथी ठेवायची. म्हणजे पालथा घडा हा धुतलेला घडा. त्याची भरायची वेळ व्हायची असते, एवढंच. त्यावर पाणी ओतणारा मूर्ख, यात घड्याचा काय दोष?

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग ओतू नये."

माझ्या कपाटात नीलकंठशास्त्री गोऱ्यांवरची टिपणं आहेत. मंडळीत व्याख्यान द्यायचं असलं की मी तीच काढतो, कारण ख्रिस्ती मताचं समर्थन करावं तर या माणसानं. जन्म १८२५चा, चित्पावन घर, वाढले काशीत. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला, तर विशीच्या आतबाहेरच्या या पोरानं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला संस्कृतातच उत्तर दिलं. पुढे मिशनऱ्यांना हरवायला म्हणून वाद घालता घालता स्वतःच डळमळले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. मग १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून साही दर्शनं खोडायला घेतली. वेदान्ताचा पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक सत्तेचा डोलारा त्यांनी ज्या चिकाटीनं उसवला आहे, ते वाचताना आजही टाळी द्यावीशी वाटते.

मात्र परवापासून मला त्यांचा तो पहिला, ख्रिस्ताविरुद्धचा ग्रंथच आठवतोय. त्यात त्यांनी विचारलं होतं: ज्या जिवांनी काहीच केलं नाही, त्यांना हे भोगायला लावणारा देव न्यायी कसा? पूर्वजन्म मानला तर निदान हिशोब लागतो.

पुतणीचा प्रश्न थोड्या फरकानं हाच होता. तिची बाळंतपणाची रजा अजून चार महिने शिल्लक आहे. ती म्हणते, आता कशाला, सोमवारपासून रुजू होते.

कर्माचा मुद्दा मी खोडला तो आजीच्या आईच्या जोरावर. तिच्या काळी आमच्या वस्तीतल्या बायका विहिरीपासून लांब घडे मांडून बसायच्या. वरच्या आळीतलं कुणी येऊन, वरून धार सोडून घडा भरील तेव्हा पाणी. पूर्वजन्माच्या हिशोबात हेही बसतं, अगदी चपखल बसतं, म्हणून तो हिशोब मला नको. हे मी जावयांना ठणकावून सांगितलं आणि ते गप्प झाले. ते गप्प झाल्यावर मला बरं वाटलं, हे इथे कबूल करतो.

ते घडे पालथे नव्हते. तोंड वर करून उन्हात बसलेले होते आणि ओतणारा हात येत नव्हता. मराठीत याला म्हण नाही. म्हणी बहुधा विहिरीवर हक्क असणाऱ्यांनी केल्या असाव्यात.

आणि आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो साही दर्शनं तपासून नव्हे. मिशनच्या आवारात विहीर होती, शाळा होती, आणि पाळकसाहेब त्यांना नावानं हाक मारायचे. घरातली हकीकत एवढीच. लोक यावरून टोमणे मारतात, आणि मी तावातावानं नायसियाच्या परिषदेपर्यंत जाऊन त्रैक्याचा सिद्धान्त समजावतो. पणजोबांना त्रैक्य किती कळलं होतं, देव जाणे. कदाचित हाक तेवढी कळली असेल.

गोऱ्यांचं पुढं काय झालं, ते मी व्याख्यानात सांगत नाही. शंकांनी त्यांना जन्मभर सोडलं नाही. दुसऱ्यांना पटवण्यात मात्र ते पटाईत. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळवण्यात त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि घेतल्यावर तिथल्या सिस्टरांशीच सिद्धान्तावरून वाद मांडला. मी याला आजवर गोऱ्यांची कमजोरी समजत होतो, बाईंचा हट्ट समजत होतो. आता कुणाला काय म्हणावं, कळत नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचा जाब विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार राहा असं सांगितलं आहे. मला ते वचन लहानपणापासून पाठ. परवा उघडून पाहिलं, तर ते सौम्यपणावर संपतं. आणि तिथे आधी कुणीतरी विचारलेलं असतं. पुतणीनं विचारलं होतं की नुसतीच बोलली होती, हेही आता मला नक्की आठवत नाही.

आजीचा तांब्याचा हंडा आमच्या माळ्यावर आहे, पालथाच. काल उतरवला. आतून कोरडा ठणठणीत, कडेला हिरवट कळंक चढलेला. चिंच आणून ठेवली आहे.

तुमच्याकडे कुणी हा प्रश्न काढला, तर कृपा करून त्याला उत्तरासाठी माझ्याकडे पाठवू नका. निदान इतक्यात तरी नको.