कोणाच्या वाहनातून?

एक्वादोर देशातील अमेझॉनच्या अरण्यात १९६७ साली तेल लागले. तेलामागोमाग रस्ते आले, आणि विहिरींतून तेलाबरोबर वर येणारे खारे, विषारी पाणी उघड्या खड्ड्यांत व ओढ्यांत सोडले जाऊ लागले. कोफान आदिवासी ज्या नद्यांचे पाणी पीत, त्यांवर तवंग पसरला.

बिशप आलेहांद्रो लाबाका हे तेथील बास्कवंशीय कॅपुचिन धर्मगुरू. वाओरानी आदिवासींची भाषा ते शिकले. एका कुटुंबाने त्यांना पुत्र मानले. तागाएरी हा त्यांच्याच कुळातला, बाहेरच्या जगापासून दूर राहणारा लहानसा गट. १९८७ मध्ये तेल कंपन्या त्यांच्या प्रदेशात शिरण्याच्या बेतात होत्या. संघर्ष झाल्यास तागाएरींचा संहार होईल, या चिंतेने बिशपांनी स्वतःच आधी जायचे ठरविले. २१ जुलै रोजी ते व कोलंबियाच्या धर्मभगिनी इनेस आरांगो हेलिकॉप्टरमधून त्यांच्या वस्तीपाशी उतरले. दुसऱ्या दिवशी भाल्यांनी विंधलेले दोघांचे देह मिळाले. २०२५ च्या मे महिन्यात पोप लिओ यांनी दोघांना ‘वंदनीय’ घोषित केले.

ही हकिकत वाचल्यापासून एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ते हेलिकॉप्टर तेल कंपनीने पुरविलेले होते. मेंढपाळ प्राण द्यावयास आला होता. कळपाला मात्र वाहन तेवढे दिसले असावे.

त्या थोर जीवांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. टोचणी आमची आम्हांलाच आहे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात सभागृहासाठी वाळू उपसणाऱ्या एका ठेकेदाराची देणगी आम्ही आनंदाने स्वीकारली व भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावली. पुढे खाडीकाठचे काही कोळी बांधव उपशाचे गाऱ्हाणे घेऊन आले. त्यांची नजर पाटीवर गेली. आम्ही दिलेला चहा घेऊन ते न बोलताच उठले, आणि पुन्हा आले नाहीत.

तागाएरींचे वंशज आजही यासुनीच्या अरण्यात राहतात. त्या अरण्याच्या एका भागातील तेल भूमीतच राहू द्यावे, असा कौल २० ऑगस्ट २०२३ रोजी एक्वादोरच्या सुमारे ५९ टक्के मतदारांनी दिला. तेलावर पोसलेल्या देशाने तेलाला नकार दिला; आम्हांला एक पाटी उतरविणे जड गेले.

प्रभू येशू यरुशलेमेत शिंगरावर बसून आला. त्याला पाहून कोणी गरीब दार लावून घेत नव्हता. आपणही कोणाच्या वाहनातून गरिबांच्या दारी उतरतो, हे निघण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.