बांधावरून सांगितलेलं नाव

आजऱ्यात घनसाळ भाताची लावण सुरू झाली की आमच्या शेतात दोनच आवाज असायचे, पावसाचा आणि आत्तीचा. डोक्यावर इरली घेऊन वाकलेल्या बायका, चिखलात पटापट रुतणारी रोपं, आणि मधेच आत्ती एखादी लावणी उचलायची. तिच्या लावण्या सगळ्या सिनेमातल्या. ती त्या शिकली बांधाकडेच्या फणसाला अडकवलेल्या ट्रान्झिस्टरवरून. सांगली केंद्राची निवेदिका गाण्याआधी न चुकता तीन नावं घ्यायची. गीत, संगीत, स्वर. त्यातलं पहिलं नाव कितीदा तरी एकच असायचं, जगदीश खेबुडकर.

"हे कोण गं, आत्ती?" मी एकदा विचारलं.

"असंल कोन तरी. गानं आपलंच हाय."

खेबुडकर आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. राधानगरीच्या रस्त्यावरच्या हळदी गावात १० मे १९३२ ला जन्मले. पेशानं शिक्षक. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत राहतं घर जळालं, तेव्हा सोळाव्या वर्षातल्या त्या पोरानं पहिली कविता लिहिली. पुढं तीनशेवर चित्रपटांना त्यांनी गाणी दिली. सुरुवात झाली १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा'पासून. त्यातल्या एका लावणीला वसंत पवारांची चाल, सुलोचना चव्हाणांचा गळा. त्या लावणीतली बाई ओळख विचारणाऱ्यांना झिडकारते आणि लगेच ठसक्यात आपलं कोल्हापूर सांगून टाकते. गाणं महाराष्ट्रभर गेलं. ज्यानं ते लिहिलं त्याची ओळख मात्र फारशी कुणी विचारली नाही.

सिनेमाचं गाणं लिहिणं म्हणजे पुष्कळदा आधीच बांधलेल्या घरात राहायला जाणं. चाल तयार असते, प्रसंग ठरलेला असतो, आणि गीतकाराच्या हाती मोजून दिलेल्या मात्रा. जिथं सूर लांबवायचा तिथं 'मन' चालत नाही, न आला की जीभ वरच्या दातांमागं टेकते आणि आवाज नाकात जातो. 'वाट' चालते, कारण त्यातल्या आ-काराला गळा मोकळा सोडता येतो. शेवटचा शब्द नेमका ढोलकीच्या थापेवर पडला पाहिजे, नाहीतर नाचणारीचा पाय अडखळतो. इतकं सगळं सांभाळून ते वाक्य त्या बाईच्याच तोंडचं वाटायला हवं, लिहिणाऱ्याचं नव्हे. आपण तिथं नव्हतोच असं वाटायला लावणं, एवढं कष्टाचं काम मला दुसरं माहीत नाही. आत्तीला गाणं आपलं वाटत होतं ते उगीच नाही.

१९७२ चा 'पिंजरा' मला म्हणूनच सोडत नाही. व्ही. शांतारामांचं दिग्दर्शन, राम कदमांचं संगीत, संवाद आमच्या जिल्ह्यातल्याच शंकर पाटलांचे. त्यात एक आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादानं कोसळतो. मास्तर झालेल्या श्रीराम लागूंचे ते डोळे आठवतात. पण त्या बाईच्या ओठांवरचे, मास्तरला खाली खेचणारे शब्द लिहिले कुणी? एका मास्तरानंच! फळ्यावर खडू चालवणाऱ्या हातानं संध्याबाईंच्या पायांना बोल दिले, उषा मंगेशकरांच्या गळ्याला नखरा दिला. सिनेमात शेवटी गाव मास्तरच्या नावाची पूजा करतं आणि खरा मास्तर, स्वतःच्याच खुनाचा आरोप डोक्यावर घेऊन, बिननावाचा संपतो. खेबुडकरांचं नेमकं उलटं झालं. त्यांचे शब्द घरोघर राहिले, नाव तेवढं मागं पडलं.

काहींनी तर नाव आपणहून झाकलं. शांताबाई शेळके चित्रपट परिनिरीक्षण मंडळावर होत्या, म्हणून त्यांची काही गीतं 'डॉ. वसंत अवसरे' या नावानं आली. उलट तिकडं विलायतेत प्रोकॉल हॅरम या रॉक बँडचा कीथ रीड ना गायचा, ना वाजवायचा, नुसते शब्द लिहायचा. पण बँडवाल्यांनी त्याला आपल्यातलाच एक गडी मानलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पुस्तकाचं बरं असतं, आमच्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचं नाव 'मृत्युंजय' कादंबरीच्या प्रत्येक प्रतीवर छापलेलं आहे. गाण्याला मात्र मुखपृष्ठ नसतं. निवेदिकेच्या आवाजातली ती तीन-चार सेकंदं, एवढंच गीतकाराचं मुखपृष्ठ, आणि मोबाइलवर गाणं लागतं तेव्हा बहुतेकदा तेही नसतं.

खेबुडकर ३ मे २०११ ला कोल्हापुरात गेले. त्या पावसाळ्यात मी भाताच्या लावणीला गावी आलो होतो. आत्ती थकली होती, वाकवत नव्हतं. बांधावर बसून ती रोपांच्या पेंढ्या पुढं सारत होती आणि 'पिंजरा'तलं गाणं गुणगुणत होती. मी शेजारी बसलो आणि लहानपणी अर्धा राहिलेला प्रश्न पुरा केला. सांगितलं, हे खेबुडकरांनी लिहिलं, हळदीचे, शाळेत मास्तर होते, आत्ता उन्हाळ्यात गेले.

ती गुणगुणायची थांबली.

"मास्तर? ह्ये मास्तरानं लिवलंय?"

"व्हय."

"बाईचं काळीज कसं कळलं रं त्येंला?" मला उत्तर आलं नाही. पावसाची सर पलीकडच्या शिवारावरून आमच्याकडं सरकत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "एकदा आजऱ्याला यायला पायजे हुतं त्येंनी. आमी कसं म्हनतो ते ऐकायला."

मग तिनं पुढच्या पेंढीची गाठ सोडली.