चिरंजीवास, कॅमशाफ्टच्या निवडीविषयी



1969च्या कमॅरोच्या 350 घनइंची इंजिनाची पुनर्बांधणी जवळजवळ पुरी झाली, आणि उभ्या गाडीची धडधड ऐकायला बरी वाटते एवढ्याच कारणाने 292 अंशांचा कॅमशाफ्ट मागवला, हे चिरंजीवाच्या मिशिगनहून आलेल्या पत्रात वाचून काकांना आनंदापेक्षा काळजीच अधिक वाटली. कॅमशाफ्ट पारखताना दोन मापे पाहायची: व्हॉल्व्ह किती उचलला जातो ती लिफ्ट, आणि क्रँकशाफ्ट किती अंश फिरेपर्यंत तो उघडा राहतो ते ड्युरेशन. पत्रातला 292 हा ड्युरेशनचा आकडा उघडच जाहिरातीतला असून टॅपेट 0.050 इंच उचलल्यापासून मोजल्यास तो 240च्या आसपास भरेल, आणि तुलना याच मापाने करायची असते हे चिरंजीवास पूर्वीच शिकवलेले होते.

काकांचे म्हणणे जुनेच आहे: कॅमशाफ्ट कधीही एकटा निवडला जात नाही. शेव्हरोलेने त्याच वर्षीच्या झेड/28ला असाच दांडगा कॅमशाफ्ट दिला, परंतु त्यासोबत 11:1 कॉम्प्रेशन, चार गिअरांचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स आणि 3.73 गुणोत्तराचा मागचा अॅक्सल दिला, कारण ते 302 घनइंची इंजिन ट्रान्स-अॅम शर्यतींसाठी, वरच्या फेऱ्यांत पळवण्यासाठीच घडवलेले होते. चिरंजीवाने मात्र न विचारता साडेआठ कॉम्प्रेशनचे पिस्टन घातले, अॅक्सल 3.08चा ठेवला आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मूळ टॉर्क कन्व्हर्टरही बदलला नाही. ड्युरेशन लांबले की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, कमी फेऱ्यांत वर येणारा पिस्टन आत घेतलेले मिश्रण काही अंशी परत ढकलतो, आणि आधीच कमी असलेले कॉम्प्रेशन प्रत्यक्षात आणखी घटते. म्हणजे ज्या फेऱ्यांत ही गाडी रोज चालणार तिथेच ती मरगळेल. सुटे भाग ज्याच्या त्याच्या आवडीने जमवण्याची ही घाई अलीकडे सर्वत्र दिसते, पण घरच्या मुलाने तरी ती करू नये.

खरी चिंता ब्रेकची आहे. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढला की आयडलिंगला मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम पडतो, आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. गर्दीत लागोपाठ दोनतीनदा ब्रेक दाबावा लागला तर पेडल दगडासारखे होईल, आणि मागच्या आसनावर मुले असतील. 

तेव्हा तो कॅमशाफ्ट परत करून 0.050 इंचांवर 210 ते 215 अंशांचा, दोन लोबांच्या मध्यांतील कोन 112 अंश असलेला घ्यावा. सपाट टॅपेट असल्यास तेलात झिंक-फॉस्फरस पुरेसे असल्याची खात्री करावी, आणि पहिल्यांदा सुरू झालेले इंजिन आयडलिंगला न सोडता वीसेक मिनिटे दर मिनिटाला 2000 ते 2500 फेऱ्यांवर ठेवावे, कारण लोबांवर तेल मुख्यतः क्रँकशाफ्टच्या शिंतोड्यांनीच पोहोचते. नंतर गेज लावून आयडलिंगचा व्हॅक्यूम किती इंच भरतो ते कळवावे, आणि तोवर मुलांना गाडीत बसवू नये.

काकांचे आशीर्वाद.