डग्गा कुठाय?

सबवूफर म्हटलं की गणपतीतले मांडव नि छातीत होणारी धडधड आठवते. असली वस्तू आपण होऊन कोण घरात आणतं? पण मैत्रिणींनो, मी ती आणली, आणि तीही मामंजींसाठी!

आमचे मामंजी ८२ वर्षांचे. उमेदीच्या काळात भजनात तबला वाजवायचे. आता कमी ऐकू येतं. वयोमानाने बारीक, उंच स्वर आधी हरवतात. खर्जातले त्यामानाने टिकतात. आणि टीव्हीजवळच्या आमच्या चिमुकल्या स्पीकरांना नेमका खर्जच झेपत नाही! खोल स्वराला पुष्कळ हवा हलवावी लागते, ती एवढ्याशा स्पीकरने कशी हलावी? "नुसती टकटक ऐकू येते. डग्गा कुठाय?" असं म्हणून मामंजी उठून आत जायचे. ते उठून जाणं मला लागायचं.

हे रात्री उशिरा येणार, चिरंजीव पुण्याला. तेव्हा जोडणी मीच केली. आधी सगळे प्लग काढले. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे 'सब आउट' लिहिलेलं असतं, तिथून एक वायर सबवूफरच्या 'लाइन इन'मध्ये. झालं! (तशी जागा नसेल, तर स्पीकरच्या वायरी थेट घेणारा सबवूफर बघून घ्यावा.) दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले, म्हणजे घुंऽऽ असा आवाज सहसा येत नाही. डब्यावरचं एक बटण ८० हर्ट्झवर ठेवलं. ते फार चढवलं तर गाणाराही डब्यातूनच गातोय असं वाटतं.

मग जागा. त्याची युक्ती गमतीची आहे. डबा मामंजींच्या खुर्चीवर ठेवला, तबला लावला आणि मी खोलीभर रांगले! जिथे डग्गा स्वच्छ ऐकू येतो, तीच डब्याची जागा. आमच्या मावशी झाडू हातात धरून बघतच राहिल्या. अशा दोन जागा सापडल्या, एक कोपऱ्यात, एक खिडकीखाली.

खरी काळजी पुढेच होती. इथे बेलापुरातच आर्टिस्ट व्हिलेज आहे. १९८०च्या दशकात चार्ल्स कोरियांनी ते आखलं, तेव्हा एका घराची भिंत दुसऱ्याला लागू दिली नव्हती. आमची मात्र मजल्यांची इमारत. आमची फरशी तेच खालच्यांचं छत. आणि खालच्या वहिनींची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ सव्वा महिन्याचं! ४० हर्ट्झच्या स्वराची एक लाट सुमारे २८ फुटांची असते. दारं नि पडदे तिला काय अडवणार?

मी सरळ खाली जाऊन पाळण्याशी बसले आणि वर मावशींना तबला लावायला सांगितला. वहिनींच्या शोकेसच्या काचा किणकिणल्या. कोपऱ्यात घुमारा वाढतो, म्हणून डबा खिडकीखाली नेला. खाली जाड रबर घातलं. त्याने डब्याची थरथर फरशीत कमी उतरते, हवेतला आवाज मात्र जातोच. तो बटणानेच उतरवायचा. चार वेळा जिने चढले-उतरले, तेव्हा काचा गप्प झाल्या. तरी वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळी पाच ते साडेसहा लावा. तेव्हा बाळ जागंच असतं." ही वेळ दोघींनी ठरवून टाकली.

त्या संध्याकाळी मामंजी खुर्चीच्या हातावर बोटं टेकवून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वाजवणारा जरा घाई करतोय." उठले मात्र नाहीत. साडेसहाला मीच बंद केलं.