पंप उघडायचा की नाही?

कसारा घाटात ट्रकने पुन्हा दम तोडला. मागे किराणा मालाची पोती, चाकामागे दगड आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला तो. महिन्यात ही चौथी वेळ. गाडी वीस वर्षांची जुनी, पण तिच्यावरच घर चाललं होतं.

सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही. चढ लागला की आधी आचके, मग बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली की जणू काही घडलंच नाही अशी सुरू! अशा जुन्या गाडीत बिघाड सांगणारा कॉम्प्युटर नसतो. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे आणि तिथून नोझलकडे जातं. या वाटेवर कुठं अडलंय, ते माणसानेच शोधायचं.

मिस्त्रीने दोन्ही फिल्टर बदलले, स्क्रू सैल करून हँड पंपाने हवा काढली. बुडबुडे फारसे आलेच नाहीत. पुढच्या चढावर पुन्हा तेच. "भाऊ, पंप गेला. वीस हजार धरून चाला," तो म्हणाला. मिस्त्री लबाड नव्हता. थांबून सुरू होणारी गाडी त्यालाही फसवत होती.

घरात वीस हजार होते, पण मुलीच्या नर्सिंगच्या फीचे. शुक्रवार शेवटचा दिवस.

रात्री बायको पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. "अहो, थांबली की आपोआप बरी होते ना? मग मोडलं कुठं? पिंपातलं पाणी नळीने काढताना कचरा तोंडाशी येऊन बसतो, ओढणं थांबलं की सुटतो. तसलंच काही नसेल कशावरून?"

तो हसला खरा, पण झोप काही लागेना.

पुढच्या खेपेला त्याने दहा लिटरचा डिझेलचा कॅन केबिनजवळ पक्का बांधला आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला जोडला. टाकीला रजा! भरलेली गाडी एकदाही न अडखळता घाट चढून इगतपुरीला पोचली. म्हणजे पंप, फिल्टर, नोझल सगळे निर्दोष. दोष टाकीच्या बाजूचा. तिकडच्या पाइपला चीर असती, तर बाहेर थेंबही न गळता आत हवा शिरली असती आणि हवा काढताना बुडबुडे थांबले नसते. उरली टाकी.

ती रिकामी करून उतरवली. आतून निघाला हातरुमालाएवढा, काळपट पडलेला प्लास्टिकचा तुकडा. चढावर इंजिन जास्त डिझेल मागायचं, तेव्हा हा ओढला जाऊन पाइपच्या तोंडावर बसायचा. इंजिन थांबलं की सुटायचा.

त्याने तो लगेच ओळखला. मागच्या पावसाळ्यात टाकीचं झाकण हरवलं, तेव्हा त्यानेच तोंडाला पिशवी बांधली होती. नवं झाकण घ्यायचं राहूनच गेलं होतं.

शुक्रवारी फी भरली. टाकीला कुलपाचं झाकण आलं. एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी बायकोने आपल्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवली.